दूध संघाची कॉम्प्युटर सुरक्षा आणि मी

आधी चहा संपवा. भरलेला कप हातात असताना हा किस्सा ऐकायचा नाही. मागे आमच्या साडूंनी ऐकला, त्यात त्यांचा पांढरा शर्ट गेला.

गोष्ट नव्वदीतली. इंदापूरजवळ हायवेला लागून एक दूध संघ होता. नाव घेत नाही, तिथली माणसं अजून मला रस्त्यात थांबवतात. मी मूळचा वडगाव निंबाळकरचा, बी.कॉम., आणि बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. एवढ्या भांडवलावर संघानं मला कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख केलं. विभागात दोघंच. एक मी, दुसरा कॉम्प्युटर.

त्याचा थाट विचारू नका! अख्ख्या संघात एसी एकच, तो कॉम्प्युटरला. चेअरमन आबा पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि कॉम्प्युटर गारेगार. आत जाताना चपला बाहेर. आबांच्यासुद्धा.

पण त्याच्या पोटात काय होतं ते ऐका. कुठल्या गावात कोण किती दूध घालतो, कुणाच्या म्हशीच्या दुधाला फॅट किती, कोण वर्षभर इमानानं येतो, सगळं! आणि नेमकी त्याच सुमाराला हायवेच्या पलीकडं एक खाजगी डेअरी उघडली होती. त्यांना आमची चांगली माणसं फोडायची होती. ही माहिती त्यांना मिळाली असती तर संघाचं दूध महिन्याभरात रस्ता ओलांडून गेलं असतं.

आबांनी मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय, माहितीची सुरक्षा. तिथून परत आलो तो माणूसच बदलून आलो. एसटीत शेजारच्यानं सहज विचारलं, "कुठं उतरणार?" मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू. खोलीला कुलूप, कॉम्प्युटरला पासवर्ड, आणि दारात ज्ञानूतात्या. तात्या आमचे वॉचमन, कन्हेरीचे. तरुणपणी मेंढरं राखलेली, त्यामुळं हातातली काठी कधी सुटली नव्हती.

"तात्या, अनोळखी माणूस आत सोडायचा नाही."

"न्हाय सोडत."

"तो म्हणेल, मी इंजिनिअर आहे, पुण्याहून आलोय."

"म्हनू द्या की."

"गोड बोलेल."

"गोड बोलला तर आदी धरतो."

"धरायचं, पण मला विचारून. मी म्हटलं धरा, तर धरायचं. मी म्हटलं सोडा, तर सोडायचं."

तात्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी डोकं तुमचं, हात माजं."

"बरोबर!"

आता एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता की नाही? पण प्रशिक्षणात सांगितलं होतं, नुसती व्यवस्था लावून भागत नाही, तिची परीक्षा घ्यावी लागते. म्हणून मी बारामतीला दिलीपला फोन लावला. दिलीप माझा मित्र, तिथं कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा.

"दिलीप, एक माणूस पाठव. इंजिनिअर आहे असं सांगून त्यानं आमच्या खोलीत घुसायचा प्रयत्न करायचा. जमलं तर माहिती फ्लॉपीवर उतरवून न्यायची."

"कुणाला पाठवू?"

"मी कधी न पाहिलेला पाठव. आणि कधी येणार ते मला सांगू नको."

"तुलाही नाही?"

"मला तर अजिबात नाही! परीक्षा म्हणजे परीक्षा."

दिलीपनं "बरं बाबा" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, भारावला असेल.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा प्रिंटर बिघडला. काहीही छापायला सांगा, नुसती फुल्यांची रांगोळी! वार्षिक सभा तोंडावर, सभासदांना अहवाल छापून द्यायचा. आबा म्हणाले, "सभेत फुल्या वाटू का?" मी पुण्याच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, इंजिनिअर पाठवतो. कधी? येईल.

आता तुम्ही हसायला लागलात. थांबा ना, अजून काही झालेलं नाही.

मंगळवारी सकाळी एक माणूस आला. केस धुळीनं पांढरे, पायात स्लीपर, हातात नायलॉनची पिशवी. म्हणाला, "नमस्कार, मी साठे. पुण्याहून आलोय. इंजिनिअर."

मी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"इंजिनिअर? स्लीपर घालून?" मी विचारलं.

"बुटाचा तळ भिगवणला सुटला हो. स्टँडवर या घेतल्या."

काय पाठांतर होतं! मी मनातल्या मनात दिलीपला दाद दिली. त्यानं ओळखपत्र काढलं. फोटो, शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथं. मी म्हणालो, "मस्त बनवलंय." पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पकड, ब्रश. म्हटलं, "तयारी चांगली आहे."

"अहो, खात्री नसेल तर आमच्या ऑफिसला फोन करा!"

फोनला कुलूप होतं. किल्ली आबांच्या खिशात आणि आबा लग्नाला अकलूजला.

मी त्याच्या जवळ गेलो, डोळा मारला आणि हळूच म्हणालो, "दिलीपला सांगा, आम्ही पास झालो."

"कोण दिलीप?"

"वा! शेवटपर्यंत सोडायचं नाही!" मी त्याची पाठ थोपटली. "तात्या, धरा यांना."

तात्यांनी त्याला अगदी अदबीनं दंडाला धरलं आणि दुधाचे रिकामे कॅन ठेवायच्या खोलीत नेऊन बसवलं. बाहेरून कडी. आतून तो बराच वेळ ओरडत होता. मी म्हटलं, भूमिकेत शिरलाय, शिरू दे. आबा आले की त्यांच्यासमोरच बाहेर काढू. शाबासकी घ्यायची म्हणजे मुद्देमाल नको का?

दुपारी दुसरा माणूस आला. कडक इस्त्री, टाय, ब्रीफकेस. तात्या काठी आडवी करून म्हणाले, "ह्यालाबी धरू का?"

"अहो तात्या! माणसं ओळखायला शिका जरा!" मीच धावत पुढं गेलो. "या साहेब, केव्हाची वाट बघतोय तुमची!"

तो क्षणभर दारातच थबकला. मग आत आला. मी त्याला आधी जेवायला घातलं. मग कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. त्यानं प्रिंटरवरून हात फिरवला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "पार्ट बदलावा लागेल. पुण्याहून मागवावा लागेल."

आता सांगा, याच्यापुढं आणखी काय पुरावा पाहिजे? खरा इंजिनिअर!

"जरा कॉम्प्युटरही तपासतो," तो म्हणाला. "पासवर्ड?"

तात्या दारातच उभे होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी पासवर्ड त्याच्या कानात सांगितला.

"बॅकअप घेऊन ठेवतो. फ्लॉपी विसरलो मात्र."

मी कपाटातून नवी कोरी फ्लॉपी काढून दिली. त्यानं सगळं उतरवून घेतलं. मी त्याला माझ्या गाडीवर मागं बसवून स्टँडवर सोडलं. एसटीत खिडकीची जागासुद्धा धरून दिली. रुमाल माझा.

संध्याकाळी आबा आले. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. आबांनी उचलला आणि माझ्याकडं दिला. दिलीप होता.

"अरे, आमचा माणूस पोचला बारामतीत. फ्लॉपी माझ्यासमोर आहे. वांग्याची भाजी झकास होती म्हणतोय."

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"टाय ओळखलास का? माझ्या लग्नातला. आणि काय रे, पासवर्ड कानात सांगतात का?"

मी फोन खाली ठेवला. आणि माझ्याच नकळत माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मग कॅनच्या खोलीत कोण आहे?"

आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "कुटल्या खोलीत?"

पुढचं मी थोडक्यात सांगतो. कडी काढली. साठे इंजिनिअर पालथ्या कॅनवर बसले होते. तात्यांनी मधेच त्यांना ताक नेऊन दिलं होतं, त्याचा रिकामा तांब्या मांडीवर. ओरडून घसा बसला होता. माझ्याकडं बघून त्यांनी खरखरत्या आवाजात विचारलं, "आता तरी मी पास झालो का?"

ते तडक पुण्याला जायला निघाले. गेले असते तर सभेत फुल्याच वाटायच्या होत्या, आणि माझ्या नावावरची फुली वेगळी. आबांनी साऱ्या संघासमोर त्या माणसाला हात जोडले. आबांनी हात जोडलेले मी तोवर फक्त गणपतीपुढं पाहिले होते. त्या क्षणी मला कॅनमध्ये शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

साठे भले माणूस. आत गेले, ब्रश फिरवला, स्क्रू पिळला. थोड्या वेळात अहवाल छापून बाहेर यायला लागला. कुठलाही पार्ट लागला नाही.

"आता कॉम्प्युटरला नवा पासवर्ड घाला," आबा त्यांना म्हणाले. "आन् तात्यास्नी शिकवून ठिवा."

"आणि यांना?" साठ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"त्यास्नी कशाला? चोर तितनंच तर आत आला!"

झालं. मी ती नोकरी सोडेपर्यंत तोच नियम. रोज सकाळी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख दाराशी उभा राहायचा. तात्या यायचे, चपला काढायचे, काठी भिंतीला टेकवायचे, माझ्या खुर्चीत बसायचे. एका बोटानं पहिलं बटण शोधायचे. मग दाबायच्या आधी थांबून माझ्याकडं बघायचे.

"सायेब, जरा भिताडाकडं तोंड करा."