पडद्यावरचं ‘पारंपरिक’

रविवारी चर्चच्या पडद्यावर गाणं उमटलं. खाली, कवीच्या जागी लिहिलं होतं ‘पारंपरिक’. माझं डोकंच फिरलं. अहो, हे गाणं रचणारी रूथमावशी जिवंत आहे, शेवटच्या बाकावर बसली आहे! तरुणपणी तिनं हेच गाणं गिटारवर म्हटलं, तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी तिला बाहेर काढलं होतं. “हे देवाचं घर आहे, ऑर्केस्ट्राचं स्टेज नाही,” म्हणाले होते. आज तेच पंच टाळ्या वाजवत गात होते. बाईला हाकलायचं आणि तिचं गाणं ठेवून घ्यायचं, ही कुठली भक्ती?

मावशी डोळे मिटून गात होती. दुसऱ्या कडव्यात तिचे मूळ शब्द पडद्याशी जुळेनात, तशी शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. “आजी, चुकताय. पडद्यावर बघून म्हणा.”