गुडघ्याच्या वाटीवरचा हात

परभणीतल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये माझी पुतणी खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिच्या पायाशी डॉक्टर उभ्या होत्या आणि दाराशी माझा थोरला भाऊ, तिचा बाप. तो आत येत नव्हता, बाहेरही जात नव्हता. मी पेपरात काम करतो; तिथल्या ओळखीतून हे क्लिनिक मी सुचवलं होतं, त्यामुळे त्याचा राग माझ्यावर होता.

पुतणी ताडकळसला राहते. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी दोनेक महिन्यांवर आली होती आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं होतं. पळताना दुखायचं, जिना उतरताना जास्त, आणि एसटीत गुडघे दुमडून बसलं की सहन व्हायचं नाही. अकॅडमीचे सर पोरापोरींना पहाटे डांबरी रस्त्यावर पळवत. उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून उकिडवं बसवून बदकासारखं चालवत. दुखतं म्हणणाऱ्यालाही तीच शिक्षा. दुखणं म्हणजे आळस, असं सरांचं मत होतं आणि भावाला ते पटलेलं होतं.

डॉक्टरांनी तिला मांडी सैल सोडायला सांगितली. दोन्ही अंगठे वाटीच्या बाहेरच्या कडेला टेकवून त्या वाटी आतल्या बाजूला सरकवू लागल्या. दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. मग मांडीचा बाहेरचा आखडलेला भाग तळहाताने दाबत वर नेला. शेवटी वाटी आत ओढून तिच्यावर चिकटपट्टी लावली. पुतणी जिना उतरून खाली गेली आणि वर बघून म्हणाली, "काका, दुखतच न्हाई."

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं. पळणं सध्या बंद, उकिडवं बसणं बंद, दाखवलेले व्यायाम रोज.

भावाने यातलं 'दुखत न्हाई' एवढंच घरी नेलं. आमच्याकडे पाय मुरगळला, कंबर धरली की चोळणाऱ्याकडे जातात. त्याने हात लावला की काम झालं, पुढे आपण काही करायचं नसतं. भावाने हा हिशेब इथेही लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने तिला मोटारसायकलवर बसवून सरांच्या स्वाधीन केलं. चिकटपट्टी बघून सर म्हणाले, "या, हिरॉइन आल्या." त्या दिवशी तिला सगळ्यात लांब बदकचाल मिळाली.

आठवडाभरात आम्ही पुन्हा क्लिनिकमध्ये होतो. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती जिना चढली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात एप्रनच्या खिशात घातले.

"आज हात लावणार नाही."

"मग आमी इतक्या लांबून कशाला आलोत?" भावाने विचारलं.

"माझ्या हाताने दुखणं काही तास गप्प बसतं. तेवढ्यात तुम्ही तिला पळवता."

"मैदान डोक्यावर आलंय. पळायचं न्हाई तर काय गुडघ्याची पूजा करायची?"

डॉक्टरांनी पायाने एक बुटका लाकडी ठोकळा पुढे सरकवला. पुतणीने त्यावर उजव्या पायावर उभं राहून डावा पाय सावकाश जमिनीकडे सोडायचा होता. तिने सोडला. उजवा गुडघा लगेच आत कलला.

"बघा. खुब्यात जोर नाही म्हणून गुडघा आत पडतो आणि वाटीवर ताण येतो. जोर तिलाच आणावा लागेल. कुशीवर झोपून पाय उचलायचा, या ठोकळ्यावरून हळू उतरायचं."

"हे तर घरीबी होतंय."

"घरी झालं नाही, म्हणूनच परत आलात."

भाऊ माझ्याकडे वळला. "तुझ्या पेपरवाल्यांच्या ओळखी. लय शानी बाई गाठून दिलीस."

उत्तर पुतणीने दिलं, ठोकळ्यावर उभ्या उभ्याच. "आप्पा, तुमी बाहेर बसा."

तो बसला नाही, जिना उतरून गेला. स्टँडवर आमच्यापासून दोन बाकं सोडून बसला.

तिने अकॅडमी सोडली. सरांनी तिला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं आणि "असल्यांना वर्दी पायजे" असं बाकीच्या पोरींना ऐकवलं. ठोकळ्याऐवजी तिने घरच्या ओट्याची खालची पायरी धरली. सकाळी ती चढउतार करायची तेव्हा भाऊ त्याच ओट्यावर, तिच्याकडे पाठ करून, चहा पीत बसायचा. व्यायाम होतोय हे बघून डॉक्टरांनी पुन्हा वाटीला हात लावला. दुखणं उतरत गेलं तसं आधी मातीच्या रस्त्यावर थोडं पळायची, मग वाढवायची परवानगी दिली.

मैदानाला मी गेलो, भाऊ आला नाही. आठशे मीटरमध्ये ती पहिली आली नाही. लंगडलीही नाही. मैदानाच्या एकूण गुणांवर ती लेखी परीक्षेला पात्र ठरली, हे नंतर कळलं.

संध्याकाळी आम्ही ताडकळसला पोचलो तेव्हा भाऊ ओट्यावर होता. गुडघ्याचं त्याने विचारलं नाही.

"सरांना कळवलंस का?"

ती पायरीवर चढली, त्याच्या समोर उजव्या पायावर उभी राहिली आणि डावा पाय हळू खाली सोडला. गुडघा आत पडला नाही.

"तुमी कळवा," ती म्हणाली आणि पुन्हा वर चढली.