शुद्धिपत्र काका

शुद्धिपत्र काकांच्या उजव्या कानावर कायम एक पेन्सिल असायची. उभी हयात त्यांनी भोसरीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे साचे बनवण्यात, काढली. निवृत्तीनंतरही ती पेन्सिल कानावरून उतरली नाही. आधी ती साच्यांवर खुणा करायची, मग घरच्या पुस्तकांवर करू लागली. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं त्यांना विलक्षण वेड, आणि त्यात काही चुकलेलं दिसलं की ते समासात बारीक अक्षरात लिहीत, 'एवढा चढ घोडा एका दमात चढत नाही.' 'मागच्या पानावर अमावास्या आहे. चंद्र कुठून उगवला?' कासारवाडीतल्या आमच्या वाचनालयाचा मी तेव्हाही चिटणीस होतो, आजही आहे. 'शुद्धिपत्र काका' हे नाव मीच ठेवलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते उलट खूश झाले. "आयुष्यात पहिल्यांदा हुद्दा मिळाला," म्हणाले.

चुका काढणारा माणूस कुजकट असतो असा माझा अनुभव आहे, कारण मी स्वतः तसा आहे. काका तसे नव्हते. त्यांचा एक लाडका लेखक होता. नाव सांगत नाही. त्यांचं नाव घेणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. त्यांचं प्रत्येक पुस्तक वाचून झालं की काका त्यांना आभाराचं पत्र पाठवत. मजकूर काकांचा, अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. पत्राची सुरुवात ठरलेली असे, 'आपले पुस्तक वाचले. फार बरे वाटले. आभारी आहे.' त्यानंतर चुका, आणि शेवटी पुन्हा आभार. "अहो, एवढ्या चुका काढून वर आभार कसले मानता?" असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "सेकंड शिफ्ट करून आलो की डोळ्याला डोळा लागायचा नाही. भट्टीच दिसायची. या माणसानं मला रोज तासभर दुसरीकडे नेलं. आभार नको मानायला?"

एकाही पत्राला उत्तर आलं नाही. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

मग त्या लेखकाची तोफेवरची कादंबरी आली. किल्ल्यावर ओतारी तोफ ओततात, तो तिचा गाभा. काकांनी ती दोन दिवसांत संपवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले. "साहेब, भर श्रावणात सकाळी साचा लिंपतात, दुपारी त्यात रस ओततात आणि संध्याकाळी तोफ बुरुजावर! अहो, ओल्या साच्यात वितळलेला धातू ओतला तर तोफ होत नाही, बॉम्ब होतो. साचा उडतो. माणसं मरतात." त्यांचा आवाज चढला होता. काकांचा आवाज चढलेला मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

त्या दिवशीच्या पत्रात त्यांनी मला बबनची हकिगत लिहायला सांगितली. बबन म्हणजे त्यांचा जोडीदार, त्याच फाउंड्रीतला. साचा वाळला की नाही हे काका गाल लावून ओळखत. वर्षानुवर्षं काम करून तळहाताला घट्टे पडतात, हाताला ओल कळत नाही, गालाला कळते. एके दिवशी त्यांनी एका मोठ्या साच्याला गाल लावला आणि सुपरवायझरला सांगितलं, साचा ओला आहे. सुपरवायझर म्हणाला, भट्टी तयार आहे, गाडी दारात उभी आहे, ओता. ओतायला बबन होता. साचा उडाला आणि बबन गेला.

"मी एकदा म्हणालो, ओला आहे," काका सांगत होते आणि मी लिहीत होतो. "दुसऱ्यांदा म्हणालो नाही. दुसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं." हे वाक्यही लिहायचं का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, लिहा. शेवटी त्यांनी एक विनंती केली, 'पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केलीत तर उपकार होतील. त्या ओताऱ्याला माझ्या मित्राचे नाव द्यावे. त्या काळी बबन नाव नसेल तर बबाजी करावे. माझे नाव कुठेही नको.'

या पत्रालाही उत्तर आलं नाही. नवी आवृत्ती मात्र आली. त्यात तोफेचं प्रकरण सगळं नव्याने लिहिलेलं होतं. ओतारी साच्याला गाल लावतो, ओला आहे म्हणतो, किल्लेदार ऐकत नाही, साचा उडतो, जोडीदार मरतो. 'दुसऱ्यांदा म्हणायला हवे होते' हे वाक्य प्रकरणाच्या शेवटी वेगळं, एकटंच छापलेलं होतं. ते प्रकरण गाजलं. लोक त्याचं जाहीर वाचन करू लागले. व्हॉट्सअपवर वाचकांचे आभार वाहू लागले, 'गाल लावण्याचा प्रसंग वाचून ढसाढसा रडलो', 'एवढं सूक्ष्म निरीक्षण आपणच करू जाणे'. मेलेल्या जोडीदाराचं नाव होतं राणोजी.

मी संतापलो. काका आधी हरखले. "बघा, वाचलं त्यांनी पत्र!" असं चार-चारदा म्हणाले. मग चष्मा पुसून ती पानं पुन्हा वाचली आणि राणोजी या नावावर बोट ठेवलं. वाचनालयाची ती प्रत त्यांनी घरी नेली. परत आली तेव्हा प्रत्येक राणोजीवर एक सरळ रेघ होती आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, बबन. मी त्यांना झापलं, "काका, हे वाचनालयाचं पुस्तक आहे." ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. घरच्या पुस्तकात लिहिलं तर वाचणार कोण?"

पुढच्या वर्षी त्या लेखकासाठी आपल्याकडे वाचकांचा कृतज्ञता सोहळा झाला. चिंचवडला सभागृह खचाखच भरलं. चाकणच्या कंपन्यांतून लोक शिफ्ट बदलून आले. वाचनालयांच्या वतीने आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. काका आदल्या दिवशी माझ्याकडे आले. "साहेब, एकच वाक्य बोला. राणोजी म्हणजे भोसरीचा बबन. बस. भांडण नको, आरोप नको." मी हो म्हणालो. ते वाक्य मी कागदावर लिहिलंही होतं. पण व्यासपीठावर लेखकमहाशय माझ्याकडे बघून हसले, माझ्या अक्षराची तारीफ केली. "तुमच्या वाचनालयातून फार सुंदर अक्षरात पत्रं येत," म्हणाले. म्हणजे पत्रं वाचली होती. लक्षात राहिलं होतं ते माझं अक्षर. आणि मी, चुका काढणारा कुजकट माणूस, पाघळलो. ते वाक्य मी गिळलं. भाषण छान झालं असं सगळे म्हणाले.

नंतर सह्यांसाठी रांग लागली. काका त्या रांगेत उभे होते, नवा सदरा घालून, कानावर पेन्सिल. त्यांची पाळी आली तेव्हा मी शेजारीच होतो. लेखकांनी मान वर न करता विचारलं, "नाव काय घालू?" काका म्हणाले, "बबन." त्यांनी लिहिलं, 'श्री. बबन यांस सस्नेह.' काकांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "फार आभारी आहे." मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. बोलले असते तर बरं झालं असतं. ती सही केलेली प्रत त्यांनी ठेवून घेतली. पुढे छातीच्या दुखण्याने गेले, आणि त्यांच्या सांगण्यावरून घरच्यांनी ती त्यांच्यासोबतच चितेवर ठेवली.

सोहळ्याच्या आनंदात लेखकांनी प्रत्येक वाचनालयाला आपल्या पुस्तकांचा नवा कोरा संच भेट दिला होता. नवा आला म्हणून जुन्या प्रती काढायच्या ठरल्या. यादी माझ्यापुढे सहीसाठी आली. त्यात एका पुस्तकापुढे शेरा होता, 'पेन्सिलने खराब केलेले.' मी न बघता सही केली. बघितली असती तर? तरीही कदाचित केली असती. मला माझी खात्री देता येत नाही.

गेल्या महिन्यात एक म्हातारी बाई वाचनालयात आल्या. सोबत नात होती, रावेतच्या शाळेच्या गणवेशात. मी उठून खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "मी बबनची मंडळी. काका म्हणायचे, ह्यांचं नाव हितल्या बुकात हाय. म्या कदी आले न्हाई, मला वाचाया कुटं येतंय? आता ही वाचती. तिला आजाचं नाव दावायचंय."

मी कपाटातून नवी प्रत काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो. पोरीने पानं उलटली तर तिला राणोजी दिसणार होता. निदान एवढं तरी खरं सांगावं, म्हणून म्हणालो, "वहिनी, नाव छापलेलं नव्हतं. काकांनी पेन्सिलने लिहिलं होतं."

मला वाटलं, त्यांचं तोंड उतरेल. त्या हसल्या. "मंग? छापल्यालं कुणीतरी परक्यानं छापलं असतं. काकांनी आपल्या हातानं लिव्हलं, त्ये लई झालं की. त्येच बुक द्या."

"ते रद्दीत गेलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

बाईंनी कान पुढे केला. "काय म्हनलात, दादा?"

मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.