चाळीचे चार कोपरे

जगात लेन्स विकत घेणारे पुष्कळ असतील, पण मुलीसाठी स्थळ बघावं इतक्या कसोशीनं लेन्सची चौकशी करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. बसडेपोत तीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झाल्यावर त्यांनी निसर्गाचे फोटो काढायचा नाद धरला. खरं तर निसर्ग त्यांना परीक्षेपुरताच लागे. मनात फोटो एकच होता: नायगावची त्यांची चाळ, पाडायच्या आधी, अख्खी एका चौकटीत, आणि प्रत्येक खिडकीत त्या त्या घरची माणसं. समोरच्या चाळीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी त्यांच्या साध्या लेन्समध्ये निम्मीच चाळ मावायची. म्हणून वाइड अँगल झूम लेन्सचा हा शोध.

विकत घेण्याआधी पारखून बघायला फोर्टातल्या एका दुकानातून ते लेन्स भाड्यानं आणत. पहिली परीक्षा शिवडीच्या खाडीवर. तिथे सगळे हातभर लांब लेन्स रोखून फ्लेमिंगोंच्या मागे, आणि साडू एकटे त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पाण्याची रेघ तपासत उभे. एका पोरीनं कळवळून सांगितलं, "काका, यात फ्लेमिंगो मुंगीएवढे येणार." साडू म्हणाले, "येऊ देत. क्षितिज सरळ येतंय का, ते बघतोय." ते वाकडं आलं आणि लेन्स दुसऱ्या दिवशी परत गेली. "समुद्र वाकवते, हिच्यावर माणसं कशी सोपवू?"

दुसरी परीक्षा कोपऱ्यांची. "मधलं काय, कुठल्याही लेन्सला जमतं. तिचा स्वभाव कोपऱ्यात कळतो," हे त्यांचं ठाम मत. त्यासाठी चाळीपुढच्या पटांगणात, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, कोणालातरी छातीशी त्या दिवसाचा पेपर धरून उभं करायचं आणि मग फोटो मोठा करून छोट्या जाहिराती वाचता येतात का बघायचं. चाळीतलं कोणी सुटलं नाही. दळण घेऊन निघालेल्या बायका, ड्यूटीवरून परतणारा हवालदार आणि दर लेन्सला त्यांची आई. आई एकदा वैतागून म्हणाल्या, "झिला, माका किती येळ उभी करतलस? माझ्या सासयेन पण इतकी उभी ठेवल्यान नाय."

हसायला येतं खरं, पण कामाशी इतका इमानदार माणूस मी दुसरा पाहिला नाही. डेपोत म्हणे ब्रेक दुरुस्त केलेली गाडी स्वतः फेरी मारून आल्याशिवाय ते सोडत नसत. चाळ मात्र त्यांच्यासाठी थांबत नव्हती. चौथी लेन्स नापास झाली तोवर तळमजला रिकामा झाला होता. मी म्हटलं, "साडूभाऊ, आहे त्या लेन्सवर उरकून घ्या." ते म्हणाले, "एकदाच काढायचाय हो. बिघडला तर परत कोणाकोणाला बोलावू?"

सहावी लेन्स पास झाली. चारही कोपरे लख्ख, भिंती ओळंब्यात. फक्त खिडक्यांत कोणी नव्हतं. साडूंचं बिऱ्हाडही माटुंग्याला भाड्याच्या खोलीत गेलं होतं. तिथेच त्यांनी आईंना फोटो दाखवला. "माणसा खंय गेली?" आईंनी विचारलं. साडू लॅपटॉप मिटायला लागले. मला ते बघवेना. मग मीच त्यांच्या लॅपटॉपवर परीक्षेचे सगळे फोटो उघडले आणि एकेक डावा कोपरा मोठा करत गेलो. अख्खी चाळ पेपर धरून हजर होती. आई एकेकाचं नाव घेत गेल्या. शेवटचा फोटो संपल्यावर म्हणाल्या, "आणि तू खंय?"

साडू एकाही फोटोत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नायगावला गेलो. वॉचमननं पाच मिनिटांसाठी आत सोडलं. साडू पेपर घेऊन डाव्या कोपऱ्यात उभे राहिले आणि कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या हातात आला. फोटो हलला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. जाहिराती सोडाच, चेहराही धड ओळखू येत नव्हता. "परत काढू?" मी विचारलं.

त्यांनी वर आपल्या खिडकीकडे बघितलं. "राहू द्या," म्हणाले, "आईला कळेल."