माया किती सोडणार?

"पोट आत ओढू नक्को. मी काय मुलगी बघायला आलेय का?"

माप घेताना अक्का हे प्रत्येकीला ऐकवायच्या. छातीभोवती टेप आला की बाई आपोआप श्वास कोंडते, हे त्यांना पाठ होतं. मग त्या टेप तसाच धरून खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. आपण कंटाळून श्वास सोडला की झटकन आकडा वाचून खडूनं कापडावरच लिहायच्या.

गौलीगुड्यात, बस स्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादेत आले तेव्हा नारायणगुड्यातल्या शेजारणीनं ब्लाउजसाठी तिथं पाठवलं. मी दोन वाक्यं बोलले नाही तोच अक्कांनी माझं नाव ठेवलं, पुनेवाली. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या इथंच गेलेल्या. "तुझं मराठी इस्त्री केलेलं गं," त्या म्हणायच्या, "आमचं चुरगळलेलं. पण अंगाला बसतंय की नाही?"

त्या खोलीत दुपारी काय व्हायचं कोण जाणे. दोरीवर साड्या टांगलेल्या असायच्या, ऊन त्यांच्यातून गाळून यायचं, भिंत कधी जांभळी तर कधी केशरी दिसायची. पायमशीनची घरघर एकसारखी चालू. शनिवारी मी ब्लाउज आणायला म्हणून जायची आणि कोपऱ्यातल्या बाकावर चक्क झोपून यायची. हसू नका, तुम्हीही झोपला असतात.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. ज्यांनी कधी मशीनला हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगितलं. अक्का ती वाजवीपेक्षा जास्त सोडायच्या.

"अक्का, टोचते हो एवढी माया."

"टोचू दे. जाड होशील तेव्हा आठवण काढशील."

"मी नाही जाड होणार."

"हौ हौ. सगळ्याच म्हणतात."

पुढं एका वर्षी त्यांच्याच अंगावरचे ब्लाउज ढगळ दिसायला लागले. विचारलं की म्हणायच्या, "उपास करायलेय." शौचावाटे रक्त जात होतं, ते त्यांनी किती महिने लपवलं देवाला ठाऊक. एक दिवस त्यांच्या भावाचा फोन आला. त्याचं बेगम बाजारात लेस आणि बटणांचं दुकान, मुलखाचा अबोल माणूस. "ताई, रिपोर्ट इंग्रजीत आहे. डॉक्टरकडं संगं येता का?"

मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती आणि तो यकृतात पोचला होता. तिथं तीन गाठी, उजवीकडे दोन मोठ्या, डावीकडे एक लहान.

डॉक्टर तरुण, तेलुगू आणि सोशिक होता. कागदावर यकृत काढून तो सांगू लागला. आधी केमो देऊन गाठी लहान करायच्या. त्या लहान झाल्या तर आतड्याचा तेवढा तुकडा काढायचा, यकृताचा उजवा भाग कापायचा आणि डावीकडची बारकी गाठ सुईनं जाळायची. पण उरलेलं यकृत फार कमी पडलं तर शरीराला झेपत नाही. म्हणून गरज पडली तर आधी उजव्या भागाकडची रक्तवाहिनी बंद करायची, म्हणजे काही आठवड्यांत डावा भाग वाढतो. आणि गाठी लहान झाल्याच नाहीत तर? तर ऑपरेशन नाही. मग औषधांनी आजार रोखता येईल तेवढे दिवस रोखायचा.

अक्का चित्राकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माया कित्ती छोडते, साब?"

डॉक्टरचा चेहरा पडला. "माया? नहीं अम्मा, हम लोग माया-वाया कुछ नहीं करते. सब रिपोर्ट में है."

तेलुगूत माया म्हणजे जादू, लबाडी. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही बाई आपल्याला भोंदू ठरवतेय! मी तिथल्या तिथं कुडत्याची कड उलटी करून त्याला शिवणीतली माया दाखवली. तो आधी खो खो हसला. मग गंभीर होऊन त्यानं चित्रावर तुटक रेघ मारली. "इत्ती छोडेंगे, अम्मा. इससे कम में नहीं काटते."

अक्कांनी रेघेवर बोट ठेवून पाहिलं. "हौ. ठीक आहे."

त्यांचा दुसरा प्रश्न बोटांचा होता. केमोच्या औषधानं बोटांना मुंग्या येतात, ती बधिर होतात, असं डॉक्टरनं सांगितलं. तसं झालं तर लगेच कळवा, डोस कमी करू किंवा औषध बदलू, असंही बजावलं.

केमोच्या दिवशी मी सोबत जायची. सलाईन लागलं की अक्का डोळे मिटायच्या आणि थोड्या वेळानं चादरीखाली त्यांचे पाय हलायला लागायचे, एकदा हा, एकदा तो. नर्स धावत ब्लँकेट घेऊन आली, "अय्यो, थंडी वाजते का?" झोपेतच उत्तर आलं, "नक्को. मशीन चालवायलेय." त्यांना बघता बघता मलाही डुलकी लागायची, आणि त्या पांढऱ्या वॉर्डात मला चक्क घरघर ऐकू यायची.

अशाच एका शनिवारी खोलीवर गेले तर त्या क्रीम रंगाच्या रेशमावर टाचण्या लावत होत्या. कापडावर रक्ताचा डाग पसरत होता. टाचणी बोटात रुतलेली, आणि त्यांना पत्ता नाही.

"अक्का, बोट!"

त्यांनी बोट पदरात लपवलं. "डॉक्टरला सांगू नक्को, पुनेवाली. दवा बदलली आणि गाठी आटल्या नाहीत तर? मग कापणार नाही तो."

मी सांगितलं. डॉक्टरनं औषध बदललं, आणि अक्कांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. केस गेले, पोट बिघडलं, त्याचाही राग माझ्यावरच. मी घरी रडून घेतलं. गाठी आटल्या नसत्या तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हे आजही सांगते.

पण आटल्या. शीर बंद केल्यावर डावा भागही वाढला. "अम्मा, माया बढ गई," डॉक्टरनं हसून सांगितलं. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी अक्का मशीनवर बसल्या. बोटं पुष्कळशी सुधारली होती, फक्त उजव्या हाताची पहिली दोन थोडी बधिर राहिली.

दोन वर्षं छान गेली. मग आजार परतला, यकृतात आणि फुप्फुसांतही. या वेळी डॉक्टरनं चित्र काढलं नाही. पहिलं औषध पुन्हा देऊन बघता येईल, पण बोटं जातील. नाहीतर सौम्य गोळ्या, त्यांचा भरवसा कमी.

"इस बार माया?" अक्कांनी विचारलं.

"नहीं, अम्मा."

"मग गोळ्या द्या. मला हात पायजेत."

त्या महिन्यांत त्यांनी माझ्या नारायणपेठ साडीवरचा ब्लाउज शिवला. शेजारी शेजारी शिवणीच्या तीन टिपा मारल्या. उलटा करून मला दाखवला. "ही आत्ताची. जाड झालीस की उसव, दुसरी आहे. ती पण घट्ट झाली की उसव, तिसरी आहे. तिसरी उसवू नक्को. तिच्यापुढं कापड नाही."

तिसरी टीप वाकडी होती. अक्कांची टीप वाकडी गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

"बोटाला कळंना गं," त्या हळूच म्हणाल्या. "उसवून परत मारू?"

"राहू द्या, अक्का."

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. दुपारी पडले की अजून कधीकधी घरघर ऐकू येते. उठून बघावं तर शेजारचा कूलर असतो.

पहिली टीप मी वर्षाच्या आतच उसवली. होय, जाड झाले, म्हणा काय म्हणायचं ते. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी तोच ब्लाउज काढला तर हुक लागेना. ब्लेड हातात घेतलं, पण दुसरी टीप उसवायला हात होईना. शेवटी पोट आत ओढलं, श्वास कोंडून हुक लावले आणि आरशासमोर उभी राहिले.

किती वेळ राहणार? अक्कांसमोर तरी कुठं टिकला होता माझा श्वास?

मी ब्लाउज काढला, खिडकीशी बसले आणि एकेक टाका उसवला. आता तो अंगाला मोकळा बसतो. बगलेखाली ती वाकडी टीप आहे. तिच्यापुढं कापड नाही.