जागा नव्हती

जर्मनीत मुलीकडे गेलो होतो, तेव्हा तिने बंदरात जपून ठेवलेली दुसऱ्या महायुद्धातली एक पाणबुडी दाखवली. आत वाकूनच चालावं लागतं. या पाणबुडीने किती जहाजं बुडवली, ते माहिती देणाऱ्या बाई कौतुकाने सांगत होत्या. मी मुलीकरवी विचारलं, "बुडणाऱ्या माणसांना आत घेत नसत?"

"जागा नव्हती," बाई म्हणाल्या.

खरंच होतं ते. मी हात पसरले, तर दोन्हीकडे थंड लोखंड लागलं.

माझे हर्णैचे काका त्या युद्धात मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्यांचं जहाज अशाच एका पाणबुडीने फोडलं. काका आणि त्यांचा दोस्त इब्राहिम फळीला धरून तरंगत असताना ती वर आली. तिच्यावरच्या एका तरण्या खलाशाने जमीन कुठल्या दिशेला आहे ते बोटाने दाखवलं, हसून हात हलवला आणि आत जाऊन झाकण लावून घेतलं. संध्याकाळी इब्राहिमची पकड सुटली. काकांना नंतर दुसऱ्या जहाजाने उचललं.

दात-ओठ खाणारं क्रौर्य लगेच ओळखू येतं; असं अदबशीर क्रौर्य ओळखायला वेळ लागतो.

"राग नाही आला त्याचा?" मी एकदा काकांना विचारलं होतं.

"तेव्हा कुठला राग? त्याने हात हलवला, तर आम्हीपण हलवला," काका म्हणाले. "इब्राहिमने तर सलाम केला."