बाकी सगळं झालंय, भाऊ

उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबलेला, डाव्या हाताचं बोट वर, आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "बाकी सगळं झालंय, भाऊ. फक्त एवढंच राहिलंय." आमच्या मिस्त्रींची आठवण आली की आधी हे वाक्य आठवतं आणि मग माझं डोकं दुखायला लागतं. "एवढंच" म्हणजे काय, ते विचारू नका. कधी मोटर फिरत नसे. कधी फिरली तर उलटी फिरे. एकदा मशीनचं टेबल भिंतीकडे निघालं ते थांबायलाच तयार नाही, शेवटी मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तेव्हाही बाकी सगळं झालेलंच होतं.

भाईंदर पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला माझा गाळा होता. नव्वदनंतरची गोष्ट. आजूबाजूला सगळे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, आणि आम्ही त्यांच्यासाठी चमच्यांचे डाय करायचो. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यात चमच्याचा खोलगट आकार कोरायचा. तो प्रेसला लावला की पत्र्याचा चमचा होतो. हे कोरायला माझ्याकडे एकच मिलिंग मशीन होतं आणि ते चालवणारे एकच मिस्त्री.

मिस्त्री रत्नागिरीकडचे, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. दोन हातांनी दोन हँडलं फिरवायचे. एकाने ठोकळा बांधलेलं टेबल आडवं सरकायचं, दुसऱ्याने मागेपुढे. त्यांची एक सवय होती. प्रत्येक रेघेआधी हँडल जरा जास्तच मागे घ्यायचे आणि मग हळूच पुढे आणून कटर लावायचे. जुन्या मशीनच्या स्क्रूत थोडी ढिलाई असते, तिला आम्ही प्ले म्हणतो. दिशा बदलली की हँडल फिरतं पण टेबल क्षणभर जागचं हलत नाही. म्हणून नेहमी एकाच बाजूने यायचं. आमच्या धंद्यात हे कुणी कुणाला सांगत नाही, चहात साखर ढवळायची असते हे सांगत नाहीत तसंच.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा सांडला, मग मशीनवरचं काम बिघडलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. वहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, गावी जायचं बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही आता खुर्चीवर बसून देखरेख करा."

"देखरेख करायला मी काय वॉचमन आहे?" ते उखडले. "मशीनवर असेन, नाहीतर गावाला जाईन."

चार दिवसांनी आले ते काखेत हात दाबूनच. म्हणाले, "भाऊ, मशीन कॉम्प्युटरवर घेऊया. हँडलं मोटरी फिरवतील. माझा हात हलतो, मोटरचा हलत नाही. हात गेला म्हणून काय झालं? मी आहे ना अजून!"

मी हो म्हटलं आणि तिथून माझे भोग सुरू झाले. वहिनी मात्र पक्क्या. "दसऱ्यापर्यंत काय ते करा. नाही चाललं तर गाशा गुंडाळायचा."

मिस्त्री पश्चिमेला कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये हे एकटे धोतर सोडून पँटमध्ये आलेले आजोबा. क्लासच्या बाईंना म्हणे पहिल्याच दिवशी विचारलं, "हे सगळं ठीक, पण पोलाद कधी कापायचं?" भंगारातून मोटरी आणल्या. फाटकाजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मोटरी चालवणारी सर्किटची कार्डं जोडून घेतली. हिरव्या अक्षरांचा जुना कॉम्प्युटर आणून माझ्याच टेबलावर मांडला आणि माझी बिलं उचलून खिडकीत ठेवली. डाव्या हाताच्या एका बोटाने टकटक करत बसायचे. मी जवळ गेलो की, "थांबा, थांबा! चुकेल."

इकडे चमचेवाले शेठ दारात. "मिस्त्री, मेरा डाय कब मिलेगा?"

"बाकी सब हो गया, शेठ."

"अरे, बाकी का मैं क्या करूं? मेरे को डाय चाहिये!"

कपाळ माझं! मीही तेच म्हणत होतो. मशीन उघडं पडलेलं, जुनी कामं अडलेली, आणि हा माणूस एका वायरीकडे बघून स्वतःशीच हसतोय.

हँडलांवरून तर रोज भांडण. मोटरी बसवल्या तरी त्यांनी हँडलं काढली नाहीत. मशीन चाललं की ती आपली गरागरा फिरणार. माझ्या कोपराला एक असं सणकून लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अहो, काढा ना ती हँडलं! आता काय उपयोग त्यांचा?"

"राहू द्या, भाऊ. मशीन काय करतंय ते मला हँडलावरून कळतं. पडद्यावरून डोंबल कळतंय!"

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक मशीनची पूजा. वहिनींनी हळदकुंकू लावलं, फ्लॉपीलाही लावलं, आणि झेंडूचा भलामोठा हार नेहमीप्रमाणे हँडलाला घातला. दरवर्षी घालतात. हँडल आपोआप फिरणार हे डोक्यात कुणाच्याच आलं नाही, माझ्याही नाही. शेठ पेढे घेऊन आलेले. मिस्त्रींनी कळ दाबली, हँडल फिरलं आणि तो हार सर्रकन मोटरीच्या पट्ट्यात गेला. गाळाभर झेंडू! साफसफाई करून पुन्हा चालवलं, तर ठोकळ्यावर गोल यायचा तिथे चार जागी दातरा पडलेला. शेठ म्हणाले, "ये चम्मच है के आरी?" आणि पेढे ठेवून गेले.

मिस्त्री खाली बसले. काखेतला हात सुटून गुडघ्यावर थडथड वाजत होता. वहिनी पट्ट्यातल्या पाकळ्या काढत होत्या. मला वाटलं, झालं, आता गाशा. पण मान वर न करता त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघा. नंतर मी ऐकायची नाही."

मग दोष शोधणं सुरू झालं. टीव्हीवाल्याला शिव्या, विजेला शिव्या, कॉम्प्युटर विकणाऱ्याच्या खानदानाला शिव्या. शेवटी माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मिस्त्री, हाताने करायचात तेव्हा बरं नीट यायचं! तेव्हा काय जादू करायचात?"

"जादू कसली? हे असं..." त्यांनी हँडल धरलं. थरथरत का होईना, हात सवयीने जरा जास्त मागे गेला आणि पुढे आला. तिथेच थांबला.

"भाऊ," ते म्हणाले, "त्याला प्ले माहीत नाही?"

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला! एवढा शहाणा म्हणतात, आणि दिशा बदलताना आधी मागे जायचं, एवढंही कळत नाही? मला वाटलं त्याला असणारच माहीत." त्यांना खरोखर अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. तो त्यांचा की कॉम्प्युटरचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग प्रत्येक रेघेला मागे जा, पुढे ये, असं सगळं पुन्हा लिहिणं आलं. एका बोटाने. मी रोज विचारायचो, रोज तेच उत्तर मिळायचं. पण दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मशीन सुरू झालं. हँडलं फिरायला लागली. जरा जास्त मागे, हळूच पुढे. मागे, पुढे. काम रडत-रखडत, अगदी जीव खाणारं. पण पोलादात चमच्याची वाटी उतरत होती, आणि दातरा कुठेच नव्हता. मिस्त्रींनी काखेतून उजवा हात काढला आणि आमच्यासमोर धरला. चांगलाच हलत होता.

"बघा," ते वहिनींना म्हणाले, "हा हलतोय. ते हलत नाहीये."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी उगाच खिडकीतली बिलं चाळायला लागलो.

त्यानंतर काही वर्षं ते त्या मशीनवर होते. माझं डोकंही खात होते. मग दुसराही हात गेला, जेवण भरवायची वेळ आली, तेव्हा स्वतःहूनच म्हणाले, "आता जातो." जाताना मशीनकडे बघून बोट वर करायला गेले, पण ते बोटही स्थिर राहीना. एका पावसाळ्यात गावाहून फोन आला, मिस्त्री गेले.

पुढे मी मशीनला नवे, अजिबात प्ले नसलेले स्क्रू बसवून घेतले. बसवायला आलेला इंजिनियर हुशार आणि मुलखाचा बोलका. म्हणाला, "काका, हे मागे-पुढे कशाला ठेवलंय? आता गरजच नाही. काढून टाकतो, निम्म्या वेळात डाय होईल. आणि ही हँडलंही काढतो, लागतील कुणाला तरी."

त्या संथपणाला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या. ठोकळा लावलेला होता, मशीन चालू होतं. हँडल जरा जास्तच मागे गेलं, थांबलं, आणि हळूच पुढे आलं. त्याच्यावर कुणाचाही हात नव्हता.

"बाकी सगळं करा," मी म्हटलं. "फक्त एवढंच राहू द्या."

"आणि हँडलं?"

"लागली तर मला लागतील."